महामारींत सत्य सांगणारा वैद्य : डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा हा मंगल समय आहे. अशा प्रसंगीं ज्या पूर्वजांनीं आपल्या विद्येनें व सेवेनें ख्रिस्ती समाजाचें नांव उज्ज्वल केलें, त्यांचें स्मरण करणें उचित होय. मुंबईच्या आरोग्याच्या इतिहासांत ज्यांचें नांव कायमचें कोरलें गेलें आहे, ते डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचें अल्प चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म गोमंतकांतील बार्देश प्रांतीं, हडफडें या गांवीं, १ एप्रिल १८५६ रोजीं झाला. १८७४ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरून त्यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्रवेश घेतला व तेथील परीक्षा प्रथम वर्गांत उत्तीर्ण होऊन मांडवी भागांत आपला दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे बंदरालगतची वस्ती. धान्याचीं कोठारें, अरुंद गल्ल्या, कोंदट चाळी आणि त्यांत दाटीनें राहणारे व्यापारी व मजूर. या लोकांचा विश्वास त्यांनीं असा संपादन केला कीं, १८८८ सालीं याच भागांतून ते मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद म्हणून निवडून आले.

१८९६ च्या भाद्रपद-आश्विनांत मांडवींतील कोठारांतून उंदीर मरून पडूं लागले. पाठोपाठ माणसेंहि तीव्र तापानें, जांघेंत व काखेंत गांठी येऊन, दोन-चार दिवसांत दगावूं लागलीं. डॉ. व्हिएगस यांनीं रोग्यांच्या शय्येपाशीं बसून लक्षणें पारखलीं, आणि ही गांठीची महामारी म्हणजे प्लेग आहे, असें निदान केलें. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीपुढें त्यांनीं तें उघडपणें मांडलें.

हें सांगणें सोपें नव्हतें. मुंबई बंदरांत प्लेग आहे असें जाहीर होतांच परदेशचीं बंदरें येथील जहाजें अडवितील, व्यापार बसेल, गिरण्या ओस पडतील, हें सर्वांस ठाऊक होतें. कित्येकांनीं त्यांच्या निदानाविषयीं शंका घेतली. तेव्हां इतर तज्ज्ञांकडून परीक्षा करविण्यांत आली. कलकत्त्याहून आलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनीं ऑक्टोबरांत सूक्ष्मदर्शकाखालीं रोगाचे जंतु पाहिले, आणि मांडवीच्या वैद्याचें निदान खरें ठरलें.

पुढें भय पसरलें. शहरांतील लक्षावधि लोक गांवोगांव पळाले व रोगहि त्यांच्यासंगतीं गेला. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ वर आली. सरकारनें फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा केला. त्या अन्वयें अधिकाऱ्यांना घरांत शिरण्याचा, प्रवाशांस तपासण्याचा व रोग्यांस इस्पितळांत नेण्याचा अधिकार मिळाला. हाच कायदा १२३ वर्षांनंतर, २०२० सालच्या करोना महामारींत, देशभर पुन्हां उपयोगांत आणावा लागला, हें वाचकांना आठवत असेलच.

परंतु त्या वेळीं अधिकार फार आणि विश्वास थोडा, अशी स्थिति झाली. आईपासून मूल, पतीपासून पत्नी ओढून नेल्यासारखें होई. स्त्रियांची तपासणी परपुरुषांनीं करावी, हें कोणत्याहि धर्माच्या कुटुंबास सहन होईना. इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं, अशी समजूत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्येंच संतप्त जमावानें आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. जून १८९७ मध्यें पुण्यास प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली, आणि मार्च १८९८ मध्यें मुंबईंत दंगल उसळली. लोक रोगी लपवूं लागले. अर्थात् रोग अधिकच वाढला. शेवटीं सरकारास धोरण बदलावें लागलें. निरनिराळ्या समाजांस स्वतःचीं प्लेग इस्पितळें चालविण्याची मुभा देण्यांत आली, जेणेंकरून रोग्यास आपल्या माणसांत, आपल्या चालीरीतींप्रमाणें शुश्रूषा मिळावी.

वैद्यकविद्येवरहि या संकटाचा मोठा परिणाम झाला. डॉ. व्हिएगस जेथें शिकले, त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत हाफकिन यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच कॉलेजांतील डॉ. चाइल्ड यांनीं फुप्फुसाचा प्लेग ओळखला. जंतुशास्त्र ही पुस्तकांतील गोष्ट न राहतां रोजच्या वैद्यकीचा आधार बनली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळास गेली आणि १९२५ सालीं तिला त्यांचेंच नांव मिळालें.

लशीविषयींहि लोकांच्या मनांत भीति होती. येथें डॉ. व्हिएगस यांचें कार्य विशेष उठून दिसतें. सुमारें १८,००० लोकांस त्यांनीं स्वहस्तें लस टोंचली, असें नमूद आहे. शिपायाचा हुकूम ज्या घरीं दार उघडवूं शकत नसे, तेथें ओळखीच्या डॉक्टरचा शब्द चाले. शिवाय वस्त्या स्वच्छ कराव्या व उंदरांचा नाश करावा, यासाठीं त्यांनीं अविश्रांत खटपट केली. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें पुढें रुंद रस्ते काढले व कोंदट वस्त्या पाडल्या. मात्र घर गमावलेल्या गरिबांस परवडणारा निवारा वेळेवर मिळाला नाहीं, हेंहि खरेंच.

१९०६ सालीं डॉ. व्हिएगस म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती गृहस्थ होत. मुंबई विद्यापीठाच्या कारभारांतहि त्यांनीं भाग घेतला, आणि प्राथमिक शिक्षण सर्वांस मोफत व सक्तीचें व्हावें असा आग्रह धरला. १९३३ सालीं ते निवर्तले. धोबी तलावाजवळ, मेट्रो चित्रगृहासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि कावेलमधील ज्या रस्त्यावर आरोग्यमातेचें देऊळ उभें आहे, त्या रस्त्यास त्यांचें नांव आहे.

त्या दुःखाच्या वर्षांत वांद्रें, गिरगांव व इतर जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून आपल्या पूर्वजांनीं क्रूस उभारले व त्यांच्यापाशीं जमून प्रार्थना केल्या. त्यांतील कांहीं अजून उभे आहेत. त्यांच्यापुढें मेणबत्ती लावतांना या वैद्याचेंहि स्मरण व्हावें. प्रार्थनेबरोबर सत्य निदान, शासनाबरोबर दया, आणि औषधाबरोबर विश्वास असल्यावांचून महामारी आटोक्यांत येत नाहीं, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे. आपल्या धर्मग्रामांतील जी तरुण मुलें-मुली आज वैद्यक अगर परिचारिकेचें शिक्षण घेत आहेत, त्यांनीं तो मनांत वागवावा, इतकीच विनंती.