सिहोरच्या पाठशाळेतला पंचांगकर्ता: बापूदेवशास्त्री

बागसेवनियात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची सिहोरची वारी ठरलेली असते. गणेशोत्सवाच्या गर्दीत जमलं नाही, तर एखाद्या बुधवारी चिंतामण गणेशाचं दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी. मंदिराचा जीर्णोद्धार पेशव्यांनी केला असं तिथे सांगतात, म्हणून ते आपल्याला जरा जास्तच जवळचं वाटतं. याच सिहोरशी आणखी एका मराठी माणसाचं नातं आहे. तिथी आकाशाप्रमाणे मोजायची की पोथीप्रमाणे, या वादात तो काशीसारख्या ठिकाणी पाय रोवून उभा राहिला. या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

त्यांचं मूळ नाव नृसिंह. जग त्यांना बापूदेवशास्त्री म्हणून ओळखतं. जन्म १ नोव्हेंबर १८२१ चा, अहमदनगर जिल्ह्यात गोदावरीकाठच्या टोके गावचा. वडील सीताराम, आई सत्यभामा, घराणं ऋग्वेदी चित्पावन. पुढे मुलाचं शिक्षण नागपूरला झालं. तिथल्या मराठी शाळेत तो शिकला आणि ढुंढिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांकडे त्याने भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित यांचा अभ्यास केला. गणितात त्याचं डोकं असं चालायचं, की त्याचा बोलबाला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कानी गेला.

हे अधिकारी म्हणजे लान्सलॉट विल्किन्सन. भोपाळ संस्थानासाठी नेमलेले हे पोलिटिकल एजंट सिहोरच्या छावणीत राहत आणि तिथल्या संस्कृत पाठशाळेत जातीने लक्ष घालत. त्यांची समजूत साधी होती. लोकांच्या मनात पुराणातली पृथ्वी आहे, सपाट, मध्ये मेरू पर्वत, भोवती सात समुद्र. त्यांच्यापुढे एकदम युरोपातलं खगोलशास्त्र ठेवलं तर ते परक्याचं म्हणून झिडकारलं जाईल. पण पृथ्वी गोल आहे आणि ती निराधार राहते, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सिद्धांतशिरोमणीत सांगून ठेवलं आहे. मग आधी आपलेच सिद्धांतग्रंथ शिकवावेत आणि तिथून कोपर्निकसकडे जावं. याच पाठशाळेतले सुबाजी बापू या मराठी पंडितांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहून पुराण, सिद्धांत आणि कोपर्निकस यांची मतं शेजारी शेजारी ठेवली. आपल्या भोपाळच्या उंबरठ्यावर तेव्हा केवढं मंथन चाललं होतं!

१८३८ मध्ये विल्किन्सन यांनी सतरा वर्षांच्या बापूदेवांना नागपूरहून सिहोरला आणलं. तिथे सेवाराम यांच्याकडे ते रेखागणित शिकले. १८४१ मध्ये विल्किन्सन वारले आणि त्याच सुमारास बापूदेवांची नेमणूक काशीच्या संस्कृत पाठशाळेत झाली. १७९१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे आजचं संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. विशीतला हा तरुण तिथे रेखागणित शिकवू लागला आणि चार दशकांहून अधिक काळ शिकवत राहिला.

त्यांनी लिहिलंही पुष्कळ. त्रिकोणमिती आणि रेखागणित संस्कृतात आणलं, हिंदीत अंकगणित आणि बीजगणिताची पुस्तकं केली. १८५८ मध्ये भास्कराचार्यांना चलनकलनाची, म्हणजे आजच्या डिफरन्शियल कॅल्क्युलसची, जाण होती हे त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. सूर्यसिद्धांताचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये निघालं. विल्किन्सन यांचं गोलाध्यायाचं भाषांतरही त्यांनीच तपासून त्यासोबत प्रसिद्ध केलं. गुरुऋण फेडण्याची ही पंडिती रीत आम्हांला फार भावते. पुढे सरकारने त्यांना सी.आय.ई. आणि महामहोपाध्याय या पदव्या दिल्या.

त्यांचं नाव आज घेतलं जातं ते मात्र पंचांगासाठी. १८७० च्या दशकात त्यांनी काशीत नवं पंचांग काढायला घेतलं. त्यातलं गणित होतं जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी ‘नॉटिकल अल्मनॅक’वरून, म्हणजे वेधशाळांत तपासलेल्या ग्रहस्थितीवरून. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी अशाच गणिताचं पंचांग त्याआधी, १८६५ पासून सुरू केलं होतं. पण काशीची गोष्ट वेगळी. काशीचा शब्द देशभर प्रमाण, त्यामुळे तिथे वाद पेटणं अटळच होतं.

वाद नेमका काय होता? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथीही लहानमोठी होते. परंपरेचा नियम होता बाणवृद्धी रसक्षय. बाण पाच, रस सहा. म्हणजे साठ घटिकांची तिथी वाढली तर पासष्टपर्यंत आणि घटली तर चौपन्नपर्यंत. प्रत्यक्षात तिथी सुमारे पन्नास घटिकांइतकी लहान आणि सदुसष्ट घटिकांइतकी मोठी होऊ शकते. जुन्या गणितात चंद्राच्या गतीचा मुख्य फरक धरला होता, पण बाकीचे फरक सुटले होते. गंमत अशी की पौर्णिमा-अमावास्येला ही चूक कमी असते. त्यामुळे ग्रहणं बऱ्यापैकी जुळत आणि कुणाला शंका येत नसे. अष्टमीच्या आसपास मात्र फरक काही तासांवर जाई. काही तासांनी तिथी सरकली की उपास, श्राद्ध, पारणं, सगळ्यांचा दिवस बदलू शकतो.

विरोध करणारे अडाणी नव्हते. बापूदेवांनंतर त्याच पाठशाळेत ज्योतिष शिकवणारे सुधाकर द्विवेदी हे स्वतः मोठे गणिती. आधुनिक गणित त्यांना उत्तम येत होतं. तरीही धर्मकृत्यांची तिथी सूर्यसिद्धांतावरूनच घ्यावी असं त्यांचं मत होतं. ग्रहण डोळ्यांना दिसतं, तिथे दृष्टीशी मेळ हवा. व्रताचं पुण्य दिसत नाही, तिथे शास्त्रवचन हाच आधार, अशी ही भूमिका होती. सतराव्या शतकात काशीच्याच कमलाकराने ती मांडली होती, आणि कमलाकराचं घराणंही मूळ गोदाकाठचं! त्याच्या ग्रंथाची परीक्षा करणारं पुस्तक बापूदेवांनी लिहिलं. या भूमिकेमागची कळकळ आपण समजून घ्यायला हवी. वाडवडिलांनी ज्या दिवशी एकादशी धरली तो दिवस चुकीचा होता, हे ऐकणं सोपं नसतं.

बापूदेवांच्या बाजूला मात्र परंपरेचाच एक भक्कम आधार होता. ग्रहगणित दृष्टीशी जुळलं पाहिजे, ही अपेक्षा खुद्द सूर्यसिद्धांताचीच आहे. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी आकाशाचे वेध घेऊन जुन्या गणितातल्या चुका दाखवल्या. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा १५२० चा ग्रहलाघव हा ग्रंथ त्याच पायावर उभा आहे. महाराष्ट्राची पंचांगं पुढे शतकानुशतकं त्यावरच होत राहिली. म्हणजे पोथी आकाशाशी ताडून पाहणं ही आपल्या पूर्वसुरींचीच चाल. बापूदेवांनी ती पुढे नेली, वेध तेवढे नव्या वेधशाळांचे घेतले. पंचांग त्यांनी सोडलं नाही आणि व्रतंही मोडीत काढली नाहीत.

काशीतला वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही, आणि आजही तो पूर्ण मिटलेला नाही. पण वारं कुठल्या दिशेने वाहिलं ते स्पष्ट आहे. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५ च्या अहवालात आधुनिक गणिताचीच शिफारस केली. सोलापूरचं दाते पंचांगही दृक्गणिताचं आहे. काशीचं विश्वविद्यालय आजही बापूदेवशास्त्रींच्या नावाने दृक्सिद्ध पंचांग काढतं.

संकष्टीच्या रात्री आपल्या कॉलनीच्या गच्चीवर आपण सगळे चंद्राची वाट पाहत उभे असतो. घरात मोदक झाकून ठेवलेले असतात, पोरं भुकेने चुळबुळत असतात. पंचांगात दिलेल्या वेळेनंतर थोड्याच वेळात इमारतींच्या मागून चंद्र वर येतो, आपण हात जोडतो आणि पानं मांडतो. त्या वेळी पंचांगातलं गणित आणि आकाशातला चंद्र यांचा मेळ बसलेला असतो, आणि आपल्या उपासाचं त्यात काही उणं होत नाही. यंदा चिंतामण गणेशाच्या दर्शनाला सिहोरला गेलात, तर तिथे शिकलेल्या त्या सतरा वर्षांच्या मराठी मुलाचीही आठवण काढा, एवढंच आमचं सांगणं.

गणपती बाप्पा मोरया!