नमस्कारांचे राजे

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. गावाशेजारच्या डोंगरावर यमाईदेवीचे मंदिर असून पायथ्याशी जुना वाडा आहे. इंग्रजी अमलात येथे पंतप्रतिनिधींचे संस्थान होते. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झाले आणि पुढे ते या घराण्याकडे चालत आले. संस्थान लहानच, सुमारे ७२ गावे, तीही एका सलग मुलखात नव्हेत, तर इकडेतिकडे विखुरलेली. अशा या छोट्या संस्थानाचे नाव दूर विलायतेपर्यंत गेले, ते तोफांमुळे वा तलवारीमुळे नव्हे, तर रोज सकाळी घालावयाच्या नमस्कारांमुळे.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. राजघराण्यात जन्मास आलेल्या मुलाला शरीर झिजविण्याचे कारण सहसा पडत नाही. हाक मारताच नोकर धावून येतो, दोन पावले जावयाचे तरी गाडी उभी असते, आणि पंक्तीला पक्वान्नांची वाण नसते. अशा सुखात अंग केव्हा सुटत जाते, हे ज्याचे त्यालाही कळत नाही. बाळासाहेबांना मात्र हे वेळीच कळले. पदवीपर्यंतचे शिक्षण घेऊन झाल्यावर त्यांनी शरीराकडे लक्ष वळविले.

त्या काळी युरोपात सँडो या बलवान पुरुषाचे नाव गाजत होते. त्याच्या व्यायामाची पुस्तके आणि साधने हिंदुस्थानातही येऊ लागली होती. १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी ती मागविली आणि पुढे सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. नवे साधन आणावे, आठ दिवस उत्साहाने हलवावे आणि मग ते कोपऱ्यात धूळ खात पडू द्यावे, हा अनुभव घरोघरचा आहे. बाळासाहेबांनी तसे होऊ दिले नाही. त्यांच्या अंगचा नेमस्तपणा येथेच प्रथम दिसतो. तरीही त्यांचे पूर्ण समाधान होईना. साधनांचा व्यायाम हा साधनांना बांधलेला असतो. प्रवासात ती बरोबर नेता येत नाहीत आणि गरिबाच्या घरी ती यावयाची कोठून?

मिरजेचे अधिपती हे बाळासाहेबांचे स्नेही होते. त्यांच्या आग्रहावरून १९०८ च्या सुमारास बाळासाहेब सूर्यनमस्काराकडे वळले. हा व्यायाम महाराष्ट्राला नवा नव्हता. समर्थ रामदासांच्या परंपरेने तो घरोघरी आणि तालमींत पोहोचला होता. परंतु पुष्कळ ठिकाणी तो कसातरी उरकला जाई. बाळासाहेबांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. एका नमस्काराचे त्यांनी दहा भाग पाडले. श्वास केव्हा घ्यावा, केव्हा रोखावा, केव्हा सोडावा, हे ठरविले. एकदा टेकलेले हात नमस्कार पुरा होईपर्यंत जागचे हलता कामा नयेत, असा त्यांचा कटाक्ष असे. हे वाचावयास सोपे वाटते. पण करू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी पोटऱ्या, कंबर आणि खांदे आपापली ओळख करून देतात! मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे उच्चारीत हे नमस्कार घालावयाचे असत. त्यामुळे शरीराबरोबर आवाजालाही व्यायाम घडे आणि मोजदादही चुकत नसे.

१९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर आले. आता दरबार, न्यायनिवाडे, हिशेब, पाहुणे यांची गर्दी सुरू झाली. वेळ नाही, ही सबब सांगण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो राजाला. त्यातून त्यांना छंदही थोडे नव्हते. ते उत्तम चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी स्वतः काढली. ते कीर्तने करीत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी आपल्या संस्थानात माळरान दिले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला त्यांनी मोठे साहाय्य केले. इतक्या व्यापांत नमस्कार टिकले, कारण ते दिवसातील उरलेल्या वेळावर सोडलेले नव्हते. दिवसाचा आरंभच नमस्कारांनी होई, राज्यकारभार त्यानंतर. शिवाय हे व्रत एकट्याचे नव्हते. राणीसाहेब आणि मुले यांनाही तोच नेम होता. घरातील सारी माणसे उठून उभी राहिली की एखाद्याला आळस आला तरी तो अंथरुणात फार वेळ टिकत नाही.

पुढे त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. राजाज्ञेने पाठ वाकविता येते, मन वाकविता येत नाही, हे खरे. पण येथे आज्ञा देणारा राजा स्वतः रोज घाम गाळीत होता आणि शाळेत येऊन नमस्कार करूनही दाखवीत होता. त्यामुळे त्या आज्ञेला वेगळेच वजन आले. एकदम मोठी संख्या गाठण्याचा अट्टहास त्यांना मान्य नव्हता. लहानांनी थोडे घालावेत, वय आणि शक्ती वाढेल तशी संख्या वाढवावी आणि पूर्ण वाढ झालेल्या निरोगी माणसाने ३०० पर्यंत जावे, अशी त्यांची चढती पायरी होती.

१९२८ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. सत्तरीकडे झुकलेल्या या राजाचे ताठ शरीर आणि तजेलदार चेहरा पाहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंना नवल वाटले. त्यांनी वृत्तपत्रातून या व्यायामाविषयी लिहिले. त्यांच्याच साहाय्याने १९३८ मध्ये लंडनमध्ये त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. दहा वर्षे सँडोची साधने वापरलेल्या राजाने आता विलायतेच्या लोकांना साधनावाचूनचा व्यायाम शिकविला.

१९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी राज्याचे अधिकार प्रजेच्या हाती दिले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गादी गेली, नमस्कार घालण्यासाठी गादी लागत नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

त्यांनी जमविलेली चित्रे आणि शिल्पे औंधच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. नमस्कारांचा वारसा मात्र भिंतीवर टांगता येण्याजोगा नव्हता. तो त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत यांनी चालविला. आप्पासाहेबांनी स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत काम केले. ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त असताना, १९७० मध्ये, सूर्यनमस्कारावर त्यांनी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले.