विश्लेषण : गाडीच्या टर्बोचा ‘बूस्ट’ स्वस्तात वाढवता येतो का? टर्बोचे जनक आल्फ्रेड ब्यूखी यांचे आयुष्य काय सांगते?

दापोली तालुक्यातील केळशी हे गाव समुद्राला लागून आहे. तिथून दापोलीकडे निघा वा मंडणगडकडे, चढ चुकत नाही. पाच माणसे, मागे आंब्याच्या पेट्या आणि एसी सुरू अशा अवस्थेत छोटी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरवरही धापा टाकते. मग टर्बोचा ‘बूस्ट’ थोडा वाढवून घ्यावा, असा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. एका दांड्याचे दोन आटे फिरवायचे, नळीत छोटी झडप बसवायची किंवा सेन्सरला जोडायचा डबा घ्यायचा, असे कमी खर्चाचे उपाय सुचवले जातात. पण टर्बोचा शोध लावणाऱ्या माणसालाच हा बूस्ट इंजिनाला पेलवण्यासाठी दोन दशके लागली होती.

टर्बो नेमके काय करतो?

इंजिनाची ताकद इंधनावर ठरते आणि इंधन किती जाळता येईल, हे हवेवर ठरते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच घेते. टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. वातावरणाच्या दाबापेक्षा जो जास्तीचा दाब तयार होतो, तोच बूस्ट. गाडीतील लहान टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. इंधनातील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुरावाटे वाया जातो, त्यातला काही टर्बो परत मिळवतो.

आल्फ्रेड ब्यूखी कोण होते?

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. सुल्झर बंधूंच्या यंत्र कारखान्यामुळे हे शहर ओळखले जात असे आणि त्यांचे वडील त्याच कारखान्यात वरिष्ठ पदावर होते. योगायोग असा, की डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांनी तरुणपणी कामाचा अनुभव घेतला तोही १८७९ मध्ये, याच कारखान्यात. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून ब्यूखी १९०३ मध्ये यंत्र अभियंता झाले. नंतर त्यांनी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली. त्या काळच्या इंजिनांतून धुरासोबत वाया जाणारी उष्णता त्यांना अस्वस्थ करत होती.

हवा दाबून भरण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. मात्र त्यात पंप फिरवण्यासाठी इंजिनाचीच ताकद खर्च होत असे. ब्यूखी यांनी तो पंप फुकट जाणाऱ्या धुरावर चालवायचे ठरवले.

पेटंट १९०५ चे, मग यशाला उशीर का?

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा त्यांचे वय २६ होते. हवा दाबणारे यंत्र, पिस्टनचे इंजिन आणि धुरावर फिरणारे टर्बाइन एकाच दांड्यावर, अशी ती रचना होती. हवेचा दाब भरपूर ठेवायचा आणि ताकद भरपूर घ्यायची, हा त्यामागचा हिशेब होता.

कागदावर तो बरोबर होता, पण प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या. धुराची उष्णता दीर्घकाळ सोसतील असे धातू तेव्हा मिळत नव्हते. शिवाय हवा दाबणारी यंत्रे इतकी ढिसाळ होती, की टर्बाइनने मिळवलेली ताकद तीच खाऊन टाकत. १९०९ मध्ये ब्यूखी सुल्झरमध्ये डिझेल संशोधनाचे प्रमुख झाले आणि १९११ मध्ये तिथे चाचणी यंत्रणा उभी राहिली. १९१५ मध्ये टर्बो लावलेले डिझेल इंजिन तयार झाले, पण ते भरवशाचे ठरले नाही.

याच सुमारास इतरांनी वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ऑगस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस हे विमानाच्या इंजिनांवर काम करत होते. मॉस यांनी १९१८ मध्ये सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर इंजिन नेऊन चाचणी घेतली. विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोने परत मिळवता येते, हे तिथे दिसले. म्हणजे सुरुवातीच्या या यशात टर्बोचे काम हरवलेला दाब भरून काढण्याचे होते.

यश कशामुळे मिळाले?

ब्यूखी यांनी दाबाचा हट्ट कमी केला, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. १९२५ च्या पेटंटमध्ये त्यांनी माफक बूस्ट ठेवला आणि लक्ष धुराच्या वाटेकडे वळवले. प्रत्येक सिलिंडरमधून धूर झटक्याने बाहेर पडतो. हे झटके एकमेकांना आडवे येऊ नयेत म्हणून त्यांनी धुराच्या नळ्या गटागटाने वेगळ्या केल्या. आत येणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या राहतील, अशी योजनाही केली. त्यामुळे थंड हवा सिलिंडरमधून आरपार जाऊन उरलेला धूर हुसकावून लावते आणि झडपा व पिस्टन यांनाही थंड ठेवते. ताकद वाढवताना उष्णता कुठे जाणार, याचे उत्तर या रचनेत होते.

१९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ही पद्धत वापरली गेली. त्यांच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक वाढली. पुढे ब्यूखी, ब्राऊन बोव्हेरी ही कंपनी आणि विंटरथूरचा रेल्वे इंजिन कारखाना यांनी मिळून संघ स्थापन केला. टर्बो ब्राऊन बोव्हेरीने बनवायचे, चाचणीची इंजिने रेल्वे इंजिन कारखान्याने द्यायची आणि अभियांत्रिकी व ग्राहकांचे काम ब्यूखी यांनी पाहायचे, अशी वाटणी होती. जगभरच्या इंजिन उत्पादकांनी ही पद्धत स्वीकारली.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथेच ब्यूखी यांचे निधन झाले. तोवर जहाजे, रेल्वे इंजिने आणि ट्रक यांत टर्बो रुळला होता. सर्वसामान्यांच्या मोटारीत तो आलेला पाहणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

मोटारीत टर्बो कसा आला?

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बो गाड्या बाजारात आल्या. जेटफायरमध्ये इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. ती टाकी भरायला मालक विसरत आणि तक्रारी वाढत. बूस्टसोबत त्याची पथ्येही पाळावी लागतात, हे तेव्हा ग्राहकांना कळले. पुढे १९७० च्या दशकात साबने बूस्टवर लगाम ठेवणारी ‘वेस्टगेट’ झडप मोटारीत रुळवली. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो.

स्वस्तातले उपाय काय करतात?

यातले बहुतेक उपाय याच लगामाशी खेळतात. वेस्टगेटचा दांडा आवळला किंवा स्प्रिंग कडक केली, की झडप उशिरा उघडते. नळीत गळती करणारी छोटी झडप बसवली, की वेस्टगेटला खरा दाब कळतच नाही. सेन्सरला जोडलेला डबा इंजिनाच्या संगणकाला खोटे आकडे देतो.

डिझेल गाडीत नुसती हवा वाढवून फारसे काही मिळत नाही, कारण ताकद जादा इंधनातून येते. आणि हवेच्या मानाने इंधन जास्त झाले, तर काळा धूर व उष्णता वाढते. पेट्रोल गाडीत जादा दाबाने इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. टर्बो ठरलेल्या वेगापलीकडे फिरला तर त्याची बेअरिंग जातात. हेड गॅस्केट, क्लच प्लेट यांचेही आयुष्य घटते. नव्या गाड्यांचा संगणक जादा दाब ओळखून ताकदच कमी करतो, म्हणजे गाडी होती त्याहून मंद चालते. आटे फिरवायला पैसे लागत नाहीत, पण इंजिनाचे काम निघाले की हजारोंचा खर्च येतो.

कायदा आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. इंजिनात छेडछाड दिसल्यास वॉरंटी जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेले बदल दाव्याच्या वेळी अडचणीचे ठरतात.

मग चढावर काय करावे?

‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा बूस्ट कमी असण्यात नसून तो गळण्यात असते. केळशीसारख्या ठिकाणी तांबड्या धुळीने एअर फिल्टर चोंदतो, खाऱ्या वाऱ्याने क्लिपा गंजतात आणि उभ्या गाडीत उंदीर नळ्या कुरतडतात. टर्बोपासून इंटरकूलरमार्गे इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीला चीर असेल, तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. चढावर जोर लावताना फुस्स आवाज येणे, नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसणे आणि एकाएकी काळा धूर वाढणे या तिच्या खुणा आहेत.

फिल्टर बदलणे, क्लिपा आवळणे, फाटकी नळी बदलणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे तेल वेळेवर घालणे, हे खरे स्वस्तातले उपाय. मोठा चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर नुसती चालू ठेवावी, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहते. एवढे करूनही ओढ कमी वाटली, तर कंपनीच्या सेवा केंद्रात बूस्टचा दाब यंत्रावर तपासून घ्यावा आणि मगच वेस्टगेटला हात लावू द्यावा.