विश्लेषण : ‘व्हाइट ख्रिसमस’चा आवाज आणि टेप रेकॉर्डरमागचा पैसा… कोण होते बिंग क्रॉस्बी?

डिसेंबर लागला की मॉल, कॉफी शॉप, विमानतळ अशा ठिकाणी एक संथ, खर्जातला पुरुषी आवाज ऐकू येऊ लागतो. गाणे ‘व्हाइट ख्रिसमस’ आणि आवाज बिंग क्रॉस्बी यांचा. जगात सर्वाधिक खपलेले सिंगल म्हणून गिनेसच्या नोंदीत हेच गाणे आहे. त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचा अंदाज सांगितला जातो. पण क्रॉस्बी यांची गोष्ट या एका गाण्यापुरती नाही. रेकॉर्ड केलेला आवाज कापता येतो, जोडता येतो, हे आज आपण मोबाइलवर रील बनवताना गृहीत धरतो. रेडिओत ही सोय आणण्यात या गायकाच्या पैशांचा आणि थोड्याफार त्याच्या आळसाचाही वाटा होता.

वकिली सोडून गाण्यात कसे आले?

हॅरी लिलिस क्रॉस्बी यांचा जन्म ३ मे १९०३ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे झाला. बालपण स्पोकेन शहरात गेले. ‘बिंगव्हिल ब्युगल’ नावाचे एक विनोदी सदर तेव्हा वर्तमानपत्रात येत असे. ते वाचण्याच्या वेडापायी शेजारच्या मुलाने त्यांचे नाव बिंग पाडले आणि तेच कायम राहिले. गोन्झागा विद्यापीठात ते कायदा शिकत होते, पण लक्ष टपालाने मागवलेल्या ड्रम सेटकडे जास्त. पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले. १९२५ मध्ये मित्र अल रिंकर याच्यासोबत जुन्या फोर्ड गाडीतून त्यांनी थेट लॉस एंजेलिस गाठले. रिंकरची बहीण, गायिका मिल्ड्रेड बेली तेथे होती. वर्षभरात दोघे पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. त्या काळात अमेरिकेत याहून मोठा बँड क्वचितच असेल.

तरुण क्रॉस्बी यांची दारू मात्र जास्त होती. १९२९ मध्ये ‘किंग ऑफ जॅझ’ या चित्रपटाच्या तयारीदरम्यान अपघात करून ते तुरुंगात गेले आणि त्यांच्या वाट्याचे एकल गाणे दुसऱ्या गायकाकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी अभिनेत्री डिक्सी ली यांच्याशी लग्न केले, हळूहळू दारूवर नियंत्रण मिळवले आणि सप्टेंबर १९३१ मध्ये सीबीएस रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला.

मायक्रोफोनमुळे नेमके काय बदलले?

१९२५ च्या आधी रेकॉर्डिंग म्हणजे मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाणे. आवाजाच्या जोरावरच सुई हलायची, त्यामुळे खड्या आवाजाचे गायक चालायचे आणि हळुवार गाणारे मागे पडायचे. विजेवर चालणारे रेकॉर्डिंग आले आणि हे गणित उलटे झाले. अॅम्प्लिफायर आवाज वाढवत असल्याने गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. क्रॉस्बी यांनी हे फार लवकर ओळखले. ते मायक्रोफोनच्या जवळ जाऊन, समोर एकच माणूस बसला आहे अशा सुरात गात. श्वास, ओठांची हालचाल, शब्दाचा शेवटचा हेलकावा हे सगळे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचू लागले. फ्रँक सिनात्रांसह पुढच्या पिढीतील अनेक गायकांनी हीच वाट धरली.

१९३४ मध्ये जॅक कॅप यांनी अमेरिकेत डेका कंपनी सुरू केली. महामंदीचे दिवस होते, रेकॉर्डचा धंदा जवळपास बसला होता आणि बड्या कंपन्यांची रेकॉर्ड ७५ सेंटला होती. कॅप यांनी ती ३५ सेंटला आणली आणि क्रॉस्बी यांना आपल्याकडे घेतले. त्यांनी क्रॉस्बी यांच्याकडून काउबॉय गाणी, आयरिश गाणी, हवाईची गाणी, भजने असे सगळे गाऊन घेतले. हिशेब सरळ होता, घरातील प्रत्येकाच्या आवडीचे काहीतरी त्या एका आवाजात मिळाले पाहिजे. १९३५ मध्ये ‘सायलेंट नाइट’ ध्वनिमुद्रित करताना क्रॉस्बी यांचे मन कचरत होते, कारण ते श्रद्धाळू कॅथलिक होते आणि धर्मगीतावर पैसे कमावणे त्यांना पटत नव्हते. त्या रेकॉर्डचे उत्पन्न धर्मादाय कामाला देण्याचे ठरले, तेव्हा कुठे ते तयार झाले. सणासाठी रेकॉर्ड काढायची आणि ती दरवर्षी नव्याने विकायची, हा व्यवसाय त्यानंतर जोमाने वाढला. गणेशोत्सवात तीच गाणी वर्षानुवर्षे मंडपात वाजताना ऐकणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘व्हाइट ख्रिसमस’ एवढे का गाजले?

हे गाणे लिहिले आणि स्वरबद्ध केले आयर्विंग बर्लिन यांनी. ते रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. नाताळ त्यांचा सण नव्हता, शिवाय त्यांचा तान्हा मुलगा १९२८ मध्ये नेमका २५ डिसेंबरलाच गेला होता. गाण्यात आनंदापेक्षा हुरहुर जास्त का आहे, याचे उत्तर अनेक अभ्यासक इथे शोधतात.

क्रॉस्बी यांनी ते प्रथम २५ डिसेंबर १९४१ रोजी आपल्या ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ या रेडिओ कार्यक्रमात गायले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला जेमतेम तीन आठवडे होत होते. २९ मे १९४२ रोजी डेकाने ते ध्वनिमुद्रित केले आणि ‘हॉलिडे इन’ या चित्रपटाच्या सहा रेकॉर्डच्या संचात समाविष्ट केले. तेव्हाच्या ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटेच मावत. म्हणून अनेक रेकॉर्ड फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्यात बांधून विकत. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो तिथून.

कंपनीच्या अपेक्षा खरे तर याच संचातील दुसऱ्या एका प्रेमगीताकडून होत्या. पण शरद ऋतूत चित्र पालटले. परदेशी तैनात लाखो अमेरिकी सैनिक लष्करी रेडिओकडे ‘व्हाइट ख्रिसमस’ची फर्माईश करू लागले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात किंवा पॅसिफिकच्या बेटांवर घामाघूम होत बसलेल्या तरुणांना घरचा बर्फ आठवत होता. गाण्यात युद्धाचा उल्लेखही नाही, माझ्या मते तीच त्याची ताकद ठरली. ऑक्टोबर १९४२ अखेर ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिथे ११ आठवडे राहिले. सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्करही मिळाले. १९४५ आणि १९४६ च्या नाताळात ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. दरम्यान १९४४ मध्ये क्रॉस्बी स्वतः युरोपातील आघाडीवर सैनिकांसमोर गाऊन आले होते.

आज ऐकू येते ते मूळ गाणे नाही?

नाही. रेकॉर्ड छापायच्या पद्धतीत मूळ ध्वनिमुद्रणावरून धातूचे साचे तयार होत आणि त्या साच्यांनी प्रती दाबल्या जात. मागणी इतकी प्रचंड होती की १९४२ चा मूळ साचाच वापरून खराब झाला. शेवटी १९ मार्च १९४७ रोजी क्रॉस्बी, जॉन स्कॉट ट्रॉटर यांचा वाद्यवृंद आणि केन डार्बी यांचे गायकवृंद पुन्हा एकत्र आले आणि गाणे जसेच्या तसे नव्याने मुद्रित झाले. रेडिओवर किंवा स्ट्रीमिंग अॅपवर आज साधारणपणे वाजते ते हे दुसरे ध्वनिमुद्रण. नाताळच्या गाण्यांचा क्रॉस्बी यांचा संच १९४५ मध्ये पाच रेकॉर्डमध्ये आला, १९४९ मध्ये एलपीवर गेला आणि १९५५ मध्ये १२ गाण्यांचा झाला. तो ‘मेरी ख्रिसमस’ अल्बम अजूनही विकला जातो.

टेप रेकॉर्डरशी त्यांचा काय संबंध?

इंजिनीअरिंग केलेल्यांना या आयुष्यातला सर्वांत रंजक भाग हाच वाटेल. अमेरिकी रेडिओचे मोठे कार्यक्रम तेव्हा थेट होत. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत तीन तासांचा फरक असल्याने तोच कार्यक्रम अनेकदा दोनदा सादर करावा लागे. क्रॉस्बी यांना गोल्फ खेळायचे असे, घोड्यांच्या शर्यती पाहायच्या असत. कार्यक्रम आधी मुद्रित करू द्या, असा आग्रह त्यांनी धरला. एनबीसीने नकार दिला. मग १९४६ मध्ये ते एबीसी या नव्या नेटवर्ककडे ‘फिल्को रेडिओ टाइम’ घेऊन गेले. तिथे परवानगी होती, पण मुद्रण १६ इंची तबकड्यांवर व्हायचे. चुका गाळायच्या तर एका तबकडीवरून दुसरीवर नक्कल करावी लागे आणि दर नकलेला खरखर वाढे. श्रोत्यांना फरक कळला आणि श्रोतेसंख्या घसरू लागली.

इकडे अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधील जॅक मलिन युद्धानंतर जर्मनीत होते. तिथल्या एका रेडिओ केंद्रात त्यांना एईजी कंपनीचे मॅग्नेटोफोन सापडले. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि मुद्रण करताना त्यात मिसळलेला उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह. या प्रवाहामुळे फितीवरची विकृती आणि खरखर एकदम कमी होई. थेट आवाज कोणता आणि फितीवरचा कोणता, हे ओळखणे अवघड जाई. मलिन यांनी दोन यंत्रे आणि ५० रिळे सुटी करून टपालाने घरी पाठवली, सॅन फ्रान्सिस्कोत परत जोडली आणि १९४६ मध्ये अभियंत्यांपुढे प्रात्यक्षिक दिले.

१९४७ मध्ये क्रॉस्बी यांच्या निर्मात्यांनी ते ऐकले आणि मलिन यांनाच कामावर घेतले. १ ऑक्टोबर १९४७ रोजी नव्या हंगामाचा पहिला भाग प्रसारित झाला तो टेपवर मुद्रित करून, कात्रीने कापून, चिकटपट्टीने जोडून. फीत ऐनवेळी तुटेल या भीतीने प्रसारणासाठी मात्र तो पुन्हा तबकडीवर घेतला होता! रिळे मोजकीच ५० होती, त्यामुळे तीच पुसून पुन्हा वापरली जात. मलिन यांनी नंतर सांगितलेली एक आठवण तर आजच्या टीव्हीलाही लागू पडते. एका विनोदवीराचे काही चावट किस्से प्रसारणातून वगळले, पण त्यावर प्रेक्षक पोट धरून हसले होते. तो हशा जपून ठेवला आणि दुसऱ्या भागातील फिक्या विनोदांना चिकटवला. मालिकांमधल्या तयार हास्याची ही सुरुवातीची उदाहरणे.

जर्मन यंत्रांवर किती दिवस काढणार? कॅलिफोर्नियातील अॅम्पेक्स ही छोटी कंपनी तशीच यंत्रे बनवायच्या प्रयत्नात होती, पण पैसा नव्हता. बँका दारात उभे करत नव्हत्या. क्रॉस्बी यांनी ५० हजार डॉलर दिले. त्यातून १९४८ मध्ये अॅम्पेक्स मॉडेल २०० बाजारात आले. सेकंदाला ३० इंच वेगाने फीत फिरवणारे हे यंत्र रेडिओ केंद्रे आणि स्टुडिओंनी घेतले. क्रॉस्बी यांनी एक अॅम्पेक्स यंत्र गिटारवादक लेस पॉल यांनाही भेट दिले. पॉल यांनी त्याला आणखी एक हेड बसवून आपल्याच वादनावर दुसरे वादन चढवायला सुरुवात केली. आजच्या मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगची वाट तिथून जाते. क्रॉस्बी यांच्या कंपनीने १९५१ मध्ये व्हिडिओ टेपचेही प्रात्यक्षिक दिले. चित्र धूसर होते आणि ती शर्यत १९५६ मध्ये अॅम्पेक्सनेच जिंकली.

ज्या चित्रपटाचा साउंडट्रॅकच निघाला नाही…

१९५४ मध्ये पॅरामाउंटने याच गाण्याच्या नावाने भव्य रंगीत चित्रपट काढला. तो त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला, पण साउंडट्रॅक अल्बम निघालाच नाही. हक्क डेकाकडे होते आणि नायिका रोझमेरी क्लूनी कोलंबिया कंपनीच्या करारात होत्या. त्यामुळे डेकाच्या अल्बममध्ये क्लूनी यांची गाणी पेगी ली यांनी गायली, तर क्लूनी यांनी कोलंबियासाठी तीच गाणी वेगळी गायली. पडद्यावर एकत्र दिसणारी जोडी दुकानात दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होती.

घरातील चित्र कसे होते?

पडद्यावर आणि रेडिओवर क्रॉस्बी म्हणजे प्रेमळ, निवांत कुटुंबवत्सल माणूस. ‘गोइंग माय वे’मधील धर्मगुरूच्या भूमिकेसाठी त्यांना अभिनयाचे ऑस्कर मिळाले होते. प्रत्यक्षात डिक्सी स्वतः दारूच्या आहारी गेल्या होत्या आणि १९५२ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. चार मुलगे मागे राहिले. थोरल्या गॅरी यांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहून वडिलांच्या मारहाणीचे आणि टोमण्यांचे तपशील मांडले. भाऊ फिलिप यांनी त्याचा जाहीर इन्कार केला. खरे किती हे आज ठरवता येणार नाही. पण लिंडसे यांनी १९८९ मध्ये आणि डेनिस यांनी १९९१ मध्ये आत्महत्या केली, ही वस्तुस्थिती आहे. क्रॉस्बी यांनी १९५७ मध्ये कॅथरिन ग्रँट यांच्याशी दुसरे लग्न केले. त्यांच्या तीन मुलांबरोबर ते दर नाताळला टीव्हीवर येत आणि दुसऱ्या खेपेस ते बरेच मवाळ वडील होते, असे दिसते.

शेवटचा नाताळ कार्यक्रम कोणासोबत?

११ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत नाताळच्या टीव्ही कार्यक्रमाचे चित्रीकरण होते. पाहुणा होता ३० वर्षांचा रॉकस्टार डेव्हिड बोवी. ठरलेले ‘लिटल ड्रमर बॉय’ गाणे आपल्याला आवडत नाही, असे बोवी यांनी सांगून टाकले. तेव्हा लेखक आणि संगीतकारांनी तळघरातील पियानोवर तासाभरात ‘पीस ऑन अर्थ’ ही जोड-चाल तयार केली. क्रॉस्बी यांनी जुनी ओळ धरली, बोवी यांनी वरून नवी गायली आणि थोड्याशा सरावावर चित्रीकरण पूर्ण झाले.

महिनाभराने, १४ ऑक्टोबरला, माद्रिदजवळच्या गोल्फ मैदानावर १८ होल पूर्ण करून परतताना हृदयविकाराच्या झटक्याने क्रॉस्बी कोसळले. ते ७४ वर्षांचे होते. कार्यक्रम अमेरिकेत ३० नोव्हेंबरला दाखवला गेला. बोवीसोबतचे ते गाणे १९८२ मध्ये सिंगल म्हणून निघाले आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले.