बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आणि आजचे संशोधक

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र दार बंद केले नाही. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून बाबासाहेबांनी पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. झाले.

आज आमच्या किती मुलांच्या पाठीशी असे महाराज आणि असे मित्र आहेत? २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला, तेव्हा त्याची सात महिन्यांची शिष्यवृत्ती थकली होती. म्हणून आम्ही म्हणतो, शिष्यवृत्ती दरमहा वेळेवर द्या, प्रबंध पुरा होईपर्यंत द्या, अडचणीत सापडलेल्याला मुदत वाढवून द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे. जयंतीला बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या कुलगुरूंनी एवढे तरी करावे.