विश्लेषण : पदवी नाही, पगारही सोडला… तरी खेकड्यांच्या जगात अधिकारवाणी! कोण होत्या मेरी रॅथबन?

नेदरलँड्समधल्या झायडरझी या खाडीवजा समुद्रातल्या एका छोट्या खेकड्याला १८७४ मध्ये नवी जाती म्हणून नाव मिळाले. कवचाची रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. प्रत्यक्षात तो नवा नव्हताच. अटलांटिक महासागर ओलांडून आलेला तो अमेरिकी पाहुणा होता. ही गल्लत निस्तरायला ७५ वर्षे लागली आणि अखेर त्याला जे नाव चिकटले, त्यातला अर्धा भाग कॉलेजची पायरीही न चढलेल्या एका महिलेने दिलेला होता. मेरी जेन रॅथबन यांच्याविषयी…

समुद्र पाहिला विशी ओलांडल्यावर

मेरी यांचा जन्म ११ जून १८६० रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात झाला. पाच भावंडांतले हे शेंडेफळ. आई गेली तेव्हा त्या वर्षभराच्या होत्या. वडिलांचा दगडाच्या खाणीचा व्यवसाय. शालेय शिक्षण १८७८ मध्ये संपले, पुढे कॉलेज नाही.

थोरला भाऊ रिचर्ड समुद्री जीवांवर काम करायचा. १८८१ मध्ये त्याच्यासोबत त्या मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिथे जाळ्यातून आलेले जीव निवडणे, बाटल्यांत भरणे, चिठ्ठ्या लावणे ही कामे त्यांनी तीन वर्षे विनामोबदला केली. १८८४ मध्ये स्मिथसोनियनचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात कारकुनाची नोकरी दिली. साडेचार फूट उंचीच्या मेरी यांचे पुढचे जवळपास सगळे आयुष्य त्या संग्रहालयातच गेले.

चिखलातला खेकडा ओळखायचा कसा?

रॅथबन यांचा पहिला शोधनिबंध १८९१ चा. सहकारी जेम्स बेनेडिक्ट यांच्यासोबत लिहिलेला, पॅनोपिअस या चिखलखेकड्यांच्या गटावरचा. सुरुवातीलाच त्यांनी अवघड प्रकरण हाती घेतले असे म्हणायला हवे. कारण हे खेकडे लहान, मातकट रंगाचे आणि एकसारखे दिसणारे. शिंपल्यांच्या ढिगात, दगडांखाली एकाच जागी तीन-चार जाती सापडतात.

रंगावर विसंबता येत नाही, बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये तो उडून जातो. मग पाहायचे काय? कवचाच्या कडेला किती दाते आहेत आणि ते टोकदार आहेत की बोथट. नांगीची बोटे काळपट आहेत की पांढरी. मोठ्या नांगीच्या हलणाऱ्या बोटाच्या मुळाशी ठळक दात आहे का. एका जातीत लहान नांगीची टोके चमच्यासारखी खोलगट असतात. झायडरझीतल्या खेकड्याच्या नांग्यांची टोके पांढरी, आणि दोन डोळ्यांमधली कवचाची कड दुहेरी, मधोमध आडवी खाच. शिवाय नर-मादीही वेगळे पाहावे लागतात. चिंबोरी उलटी केली की पोटावरची झडप अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असते. अभ्यासक त्या झडपेखालचे नराचे अवयवही तपासतात, कारण दोन जातींमधला फरक बऱ्याचदा तिथेच पक्का होतो.

पण एकच नमुना पाहून भागत नाही. एखादा दात त्या जातीचा आहे की त्या एका खेकड्याचा, हे कळायला शेकडो नमुने शेजारी ठेवावे लागतात. जुन्या अभ्यासकाने ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो मूळ नमुनाही तपासावा लागतो. तो हातचा गेला तर किती पंचाईत होते हे अमेरिकेने पाहिले होते: खेकड्यांचे मोठे अभ्यासक विल्यम स्टिम्पसन यांचा बहुतेक संग्रह १८७१ च्या शिकागोतल्या आगीत जळाला. संग्रहालयातली नोंदवही आणि चिठ्ठ्या सांभाळणे हे कारकुनी काम वाटते, पण वर्गीकरण उभे असते ते त्यावरच.

(योगायोग असा, की भारताच्या खेकड्यांचे असेच काम त्याच काळात कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये करणारे आल्फ्रेड अल्कॉक यांचा जन्म मुंबईतला, १८५९ चा.)

नावात कंस का असतो?

शास्त्रीय नावात पहिला शब्द जीनसचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा शब्द जातीचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात पकडला जाणारा निळा खेकडा घ्या. त्याचे आधीचे नाव बाजूला सारून रॅथबन यांनी १८९६ मध्ये त्याला कॅलिनेक्टिस सॅपिडस म्हटले. अर्थ साधारण चविष्ट, सुंदर पोहणारा. खवय्यांनी दाद द्यावी असे नाव! पुढे रॅथबन, १८९६ असे कंसाविना लिहितात.

चिखलखेकड्याचे मात्र वेगळे. ऑगस्टस गोल्ड यांनी १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून त्याला हॅरिसी हे नाव दिले, पण दुसऱ्याच जीनसमध्ये घालून. रॅथबन यांनी १८९८ मध्ये त्याच्यासाठी ऱ्हिथ्रोपॅनोपिअस हे नवे घर उभे केले. म्हणून आज ऱ्हिथ्रोपॅनोपिअस हॅरिसी या नावापुढे गोल्ड, १८४१ हे कंसात येते. कंस म्हणजे जाती तीच, आडनाव बदलले.

पगार का सोडला?

रॅथबन बढती मिळवत कवचधारी प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. काम वाढत होते, हाताखाली पुरेशी माणसे नव्हती आणि संग्रहालयाकडे नव्या पदासाठी पैसे नव्हते. १९१४ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला, तो आपल्या पगारात तरुण संशोधक वॉल्डो श्मिट यांना नेमता यावे म्हणून. स्वतः मात्र मानद संशोधक म्हणून काम करत राहिल्या, तेही बिनपगारी आणि पुढची दोन दशके. एखाद्या संस्थेवर अशी वेळ यावी हे तिला भूषणावह नाही, हेही नोंदवायला हवे.

अमेरिकेतल्या खेकड्यांवरचे त्यांचे चार जाडजूड ग्रंथ याच काळातले: १९१८, १९२५, १९३० आणि १९३७. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट १९१७ मध्ये मिळाली, तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. त्यांनी नोंदवलेल्या नव्या जाती-उपजातींची संख्या ११४७ आणि नव्या जीनसची ६३ सांगितली जाते. ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासासाठी त्यांनी स्मिथसोनियनला १० हजार डॉलर ठेवले होते.

आणि तो डच खेकडा?

१९४९ मध्ये अलिडा बाउटेंडाइक आणि लिप्के होल्टहाउस या डच अभ्यासकांनी झायडरझीचा खेकडा अमेरिकी ऱ्हिथ्रोपॅनोपिअस हॅरिसीच असल्याचे दाखवले. त्यांनी त्याला वेगळी उपजाती मानले होते, पुढे तोही भेद गळून पडला. जहाजांमधून पसरलेला हा खेकडा आता बाल्टिक समुद्रातही स्थिरावला आहे.