विद्यार्थी भाऊ दाजी

भायखळ्याच्या संग्रहालयामुळे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते मूळचे आपल्या पेडण्यातील मांद्र्याचे, हे आम्ही मंडळाच्या मुलांना आवर्जून सांगतो. आम्हाला त्यांचे विद्यार्थिपण विशेष मोलाचे वाटते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा एल्फिन्स्टनमधली शिक्षकी सोडून भाऊ पहिल्या तुकडीत पुन्हा विद्यार्थी झाले. पुस्तकी विद्या त्यांच्याकडे होतीच. आता हात तयार करायचे होते. शवविच्छेदन म्हणजे प्रेताला हात लावणे, आणि त्या काळच्या घरांत तो केवढा विटाळ! प्राचार्य डॉ. मोरहेड यांचा भर रुग्णाच्या खाटेपाशी शिकवण्यावर असे. जे. जे. रुग्णालय शेजारीच होते. नाडी पाहायची, जीभ पाहायची, उतार पडतो का ते रोज जाऊन बघायचे. १८५१ मध्ये आठ जण पदवीधर झाले. त्यांत भाऊंबरोबर प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते.

थोडी सरकारी नोकरी करून भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय मांडला. धाकटे बंधू नारायण त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. अडलेली बाळंतीण असो वा मोतीबिंदू, लोक विश्वासाने भाऊंच्या हाती जीव सोपवत.